गुणी गाईचे भ्रूण आणि आठ इंजेक्शनं

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो.

गावात एखादी गाय अशी असते की तिची कालवड आपल्याला मिळावी म्हणून लोक आधीच सांगून ठेवतात. पण गाय वर्षाला देणार एकच वासरू, त्यात गोऱ्हा झाला तर पुन्हा वाट पाहायची. अशा गाईपासून एका वेळी अनेक भ्रूण मिळवून ते दुसऱ्या गाईंच्या गर्भाशयात वाढवता येतात. त्यासाठी संप्रेरकं देतात, त्याबद्दल आज बोलू.

पशुपालकांची पहिली शंका ठरलेली असते: "डॉक्टर, एवढी बीजं एकदम काढली तर गाय भाकड नाही का पडणार?" काळजी रास्त आहे, पण घाबरू नका. कालवड जन्मते तीच लाखाच्या घरात बीजांडं घेऊन. दर 21 दिवसांच्या माजचक्रात बीजांडकोशावर फॉलिकलच्या, म्हणजे बीजांड असलेल्या छोट्या फोडांच्या, दोन-तीन लाटा उठतात. प्रत्येक लाटेत बरीच फॉलिकल वाढू लागतात, त्यातलं एक पुढे जातं आणि बाकीची जिरून जातात. पुढे गेलेलं फॉलिकल मेंदूखालच्या ग्रंथीतून येणारं एफएसएच, म्हणजे फॉलिकल वाढवणारं संप्रेरक, कमी करायला लावतं, त्यामुळे मागच्यांची वाढ खुंटते. आपण बाहेरून एफएसएच टोचतो ते या मागे पडलेल्यांसाठी. जी वाया जाणारच होती, तीच आपण वापरात आणतो.

हे औषध रक्तात काही तासच टिकतं. म्हणून माजानंतर साधारण आठव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान सुरुवात करून चार दिवस, 12-12 तासांनी, उतरत्या मात्रेत आठ इंजेक्शनं द्यावी लागतात. लग्नकार्य असो की बाजार, संध्याकाळची वेळ टळता कामा नये. तिसऱ्या दिवशी प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे माजावर आणणारं औषध, दिलं की दीड-दोन दिवसांत गाय माजावर येते. माज दिसल्यावर 12 आणि 24 तासांनी रेतन, आणि सातव्या दिवशी भ्रूण काढणं. शेपटीच्या मुळाशी भूल देऊन मऊ नळीने गर्भाशय धुतात, कापाकापी नसते. बाहेर आलेला भ्रूण मिलिमीटरच्या सहाव्या भागाएवढा, सूक्ष्मदर्शकाखालीच ओळखू येणारा.

किती मिळतील? सरासरी पाच-सहा चांगले. पण एखादी गाय पंधरा देते आणि तिच्याच शेजारची एकही नाही. आधीपासून आकड्याची हमी देणाऱ्याच्या हातात गाय देऊ नका, हे मी कळकळीनं सांगतो. आपल्या देवणी, गीरसारख्या देशी गाईंना परदेशी गाईंच्या मापाची मात्रा तर मुळीच नको, त्यांना ती कमीच लागते. खंगलेल्या, नुकत्याच व्यालेल्या किंवा गर्भाशयात पू असलेल्या गाईवर हा खर्च करू नका. आधी हिरवा चारा, क्षारमिश्रण, जंतनिर्मूलन, मग इंजेक्शन.

भ्रूण वाढवणाऱ्या गाईकडे मात्र बरेचदा दुर्लक्ष होतं. ती दुधाला साधी असली तरी चालेल, पण निरोगी हवी आणि दाता, म्हणजे भ्रूण देणाऱ्या, गाईच्या माजाच्या आगेमागे एका दिवसात माजावर आलेली हवी. तारखा चुकल्या तर उत्तम भ्रूणही रुजत नाही. म्हणून माजाची नोंद गोठ्यातल्या कॅलेंडरवर त्याच दिवशी करा.

भ्रूण काढून झाल्यावर दाता गाईला पुन्हा प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन द्यायला सांगा. एखादा भ्रूण आत राहिला असेल तर तोही निघून जातो, गाय परत माजावर येते, आणि पुढच्या माजाला नेहमीसारखं रेतन करून ती गाभण ठेवता येते.