फुलीची घरं

(सांगलीत विशेष शिक्षक आणि अंगणवाडी सेविकांपुढं झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

विषय दिलाय, आरोग्याच्या मोहिमांकडून विशेष शिक्षणानं काय घ्यावं. मदतीच्या तीन पातळ्यांवर बोलायचंय, पण आधी दारावरच्या खडूच्या खुणेबद्दल बोलतो.

इथल्या सेविकांना ती झोपेतसुद्धा काढता येईल! पल्स पोलिओच्या बूथचा रविवार झाला की घरभेटी. घरातल्या पाच वर्षांखालच्या प्रत्येक पोराच्या डाव्या करंगळीवर डोस दिल्याची शाई दिसली तर दारावर 'पी'. एक जरी राहिलं तरी फुली. सोबत टीमचा नंबर, घराचा नंबर, तारीख आणि पुढं कुठं गेलो त्याचा बाण. बाण धरून चालणाऱ्या पर्यवेक्षकाला मधलं सुटलेलं घर सापडतं.

खरं काम फुलीनंतरचं. कुलूप असेल तर संध्याकाळी परत जायचं. पोरगं मामाकडं असेल तर गाव कुठलं, येणार कधी, ते लिहायचं. आईबाप नको म्हणत असतील तर ज्याचा शब्द ते मोडत नाहीत असा माणूस सोबत न्यायचा. देशातल्या नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओच्या शेवटच्या रुग्णाची नोंद १३ जानेवारी २०११ ची, हावड्याची. तिथवर पोचलो ते किती जणांना डोस दिला यासोबत कोण राहिलं हेही रोज मोजत होतो म्हणून.

आपल्या हजेरीपटात काय असतं? नुसता 'गैरहजर'. कॅलिपरचा, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या साधनाचा, पट्टा तुटला, फिटच्या गोळ्या संपल्या, सोडायला घरात माणूस नाही, सगळ्याला एकच शेरा. पट्टा तुटला तर दुरुस्ती, गोळ्या संपल्या तर आरोग्य केंद्र, माणूस नसेल तर मदतनीस भत्त्याचा अर्ज. कारण लिहिलं की पुढची पायरी आपोआप ठरते. गैरहजेरीच्या तिसऱ्या दिवशी घरभेट व्हायलाच हवी.

आणि ऊसतोडीची मुलं! दिवाळीच्या आगेमागे बीडकडच्या टोळ्या आपल्या कारखान्यांवर उतरतात. पोलिओची टीम कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांवर, जाते, मग आपण का नाही? मुकादमाकडं टोळीची माहिती असते. चालायला, बोलायला, ऐकायला उशीर झालेलं मूल आहे का, हे कोपीत जाऊन आईला विचारा. गावाकडच्या शाळेचा फोन नंबर घ्या आणि हंगाम संपण्याआधी मुलाच्या नोंदीचा आपला कागद तिकडं पाठवा.

दुसरी गोष्ट लसीच्या कुपीवरची. वर्तुळातला चौकोन उष्णतेनं वर्तुळाइतका गडद झाला की कुपी बाद. श्रवणयंत्राला अशी खूण नसते, ती आपण करायची. रोज सकाळी मुलाच्या मागं उभं राहून आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज म्हणा. क्रम बदला, मध्ये थांबा, नाहीतर मूल अंदाजानं हात वर करतं. एकही ऐकू आला नाही तर आधी सेल बदला, मग नळीत पाणी किंवा मोल्डमध्ये, म्हणजे कानात बसणाऱ्या साच्यात, मळ आहे का पाहा. शिट्टी वाजत असेल तर मोल्ड नीट बसलाय का बघा. कान वाढतो तसा मोल्ड सैल पडतो. कालपर्यंत ऐकू येणारे 'श' आणि 'स' गेले तर तपासणीला पाठवा. हे न करता 'लक्ष देत नाही' असा शेरा लिहिणं हा त्या मुलावर अन्याय आहे.

पाचच मिनिटं राहिलीत, तेव्हा तीन पातळ्या भरभर सांगतो.

पहिली सगळ्या वर्गासाठी: फळ्यावर मोठं अक्षर, एका वेळी एकच सूचना. तरीही मागं पडणाऱ्यांसाठी दुसरी: तीन-चार मुलांचा गट, रोज वीस मिनिटं, सहा ते आठ आठवडे, दर आठवड्याला एक मिनिटाचं वाचन मोजायचं. त्यानंही हललं नाही तर तिसरी, वैयक्तिक आराखडा. ज्याची गरज उघड दिसते त्याला थेट तिसरीत घ्या.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी मदत अडवू नका. जुलाब लागलेल्या बाळाला आपण तपासणीचा कागद येईपर्यंत ओआरएसवाचून ठेवत नाही.

शेवटचं, डोस. आठवड्याला तीन तासिका ठरतात, होते एक, आणि मग म्हणतो थेरपीचा उपयोग नाही. अर्धा कोर्स घेतल्यावर औषधाला नावं ठेवतो का आपण? आराखड्यात 'ठरलेल्या' शेजारी 'झालेल्या' असा रकाना आखा आणि तो भरल्याशिवाय प्रगतीचा शेरा लिहू नका.