१४४१६ वर फोन लावल्यानंतर

रात्रीचे साडेअकरा वाजले आहेत. पुण्याच्या सदाशिव पेठेतली अभ्यासिका नुकतीच बंद झाली असून कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली फक्त एक खाट भाड्याने घेऊन राहणारी मुले आपापल्या खोल्यांकडे परतत आहेत. एका जुन्या वाड्याच्या जिन्यात मात्र एक मुलगा मोबाईल हातात धरून बसला आहे. पाच आकडे त्याने दोनदा दाबले आणि रिंग वाजण्याआधीच फोन कापला. पलीकडे कोण असेल, घरी कळले तर काय, आणि मुळात सुरुवात कुठून करायची, हेच त्याला सुचत नाही.

तो क्रमांक आहे १४४१६. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही फोनवरून मानसिक आधार देणारी निःशुल्क सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली आणि ती मराठीतही चोवीस तास उपलब्ध आहे. फोन लागताच ध्वनिमुद्रित आवाज भाषा निवडायला सांगतो आणि त्यानंतर काही वेळ थांबावेही लागते. फोन ठेवून द्यावासा वाटतो तो नेमका इथेच. शक्य असेल तर तेवढा वेळ काढावा.

मग प्रशिक्षित समुपदेशक बोलू लागतो. नीट मांडणी करून बोलण्याची काहीही गरज नसते. "काय सांगू, कळत नाहीये" एवढ्यावरही संभाषण सुरू होते, आणि मध्येच रडू आले किंवा शब्द फुटले नाहीत तरी समुपदेशकाला ते नवे नसते. बोलता बोलता तो कदाचित थेट विचारेल, "जीव द्यावासा वाटतो का?" ऐकताना दचकायला होते, परंतु असे विचारल्याने तो विचार नव्याने मनात रुजत नाही, हे संशोधनातून दिसून आले आहे. उत्तर खरे द्यावे, कारण पुढची मदत कोणती आणि किती तातडीची, हे त्यावर ठरते. गरज भासल्यास मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून दिले जाते किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाची माहिती मिळते.

सगळ्याच हेल्पलाइन सारख्या नसतात. पुण्यात २००५ पासून काम करणाऱ्या 'कनेक्टिंग' या संस्थेचे स्वयंसेवक सल्ला न देता, चूक-बरोबर न ठरवता ऐकून घेतात. "आता मी काय करू?" याचे तयार उत्तर हवे असणाऱ्याला हे आधी अपुरे वाटू शकते, परंतु घरात प्रत्येक जण सल्लाच देत असेल, तर मध्येच न तोडता ऐकणारे माणूस भेटणे ही फार मोठी गोष्ट आहे, असे आम्हाला मनापासून वाटते.

बोलणे गोपनीय ठेवले जाते. मात्र जीव तत्काळ धोक्यात आहे असे दिसल्यास मदत पोहोचवण्यासाठी इतरांना कळवावे लागू शकते. याविषयी शंका असेल, तर ती सुरुवातीलाच विचारावी. धोका आत्ताच, समोर उभा असेल, तर ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा आणि त्या माणसाला एकटे सोडू नये. एका फोनने परीक्षा, कर्ज किंवा घरातला ताण संपत नाही. पुन्हा फोन करता येतो, फक्त तेव्हा तोच आवाज असेल असे नाही.

जिन्यातला मुलगा तिसऱ्यांदा आकडे दाबतो. या वेळी तो थांबतो. पलीकडून प्रश्न येतो, "आत्ता मोकळेपणाने बोलता येईल, अशा जागी आहात का?" वरच्या खोलीत तिघे झोपले आहेत. तो उठतो, चार पायऱ्या उतरून अंगणात येतो आणि म्हणतो, "हो, आता बोलू शकतो."