पहिल्या पानावरचा रेस्ट

मंडळी, बास गिटार शिकवणाऱ्या पुस्तकाचं पहिलं पान फार साधं दिसतं. मोकळ्या, म्हणजे बोटाने न दाबलेल्या, ई तारेवर चार क्वार्टर नोट, म्हणजे चार मात्रा. मग दोन मात्रांचे स्वर, मग रेस्ट, म्हणजे ठरलेल्या मात्रा गप्प राहण्याची खूण. हे पान पाच मिनिटांत उलटू नका. पुढे वाजणं गढूळ होतं त्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

मोकळी ई सुमारे ४१ हर्ट्झची. एकदा छेडली की घुमत राहते. चौथ्या मात्रेवर रेस्ट लिहिला असेल तर तार तिथे आपण थांबवायची. तबला ऐकणाऱ्यांना हे लगेच उमगेल: तीनतालात डग्ग्याचा घुमारा थांबतो म्हणून ‘खाली’ हा तालाचा भाग ओळखू येतो.

थांबवायची कशी? मोकळ्या तारेवर डाव्या हाताची दोन-तीन बोटं आडवी, हलकी टेकवा. एकच बोट पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) टेकलं तर हार्मोनिक, म्हणजे घंटेसारखा उंच स्वर, वाजून जातो. दाबलेला स्वर असेल तर बोट उचलू नका, फक्त दाब सोडा. उचललंत की मोकळी तार बोलते. उजव्या हाताची तर्जनी आणि मध्यमा आळीपाळीने चालू द्या. ए तारेवर गेलात की अंगठा पिकअपवरून (तारांखालच्या, आवाज टिपणाऱ्या भागावरून) ई तारेवर आणा, म्हणजे ती गप्प राहील.

टॅबच्या, म्हणजे तारांच्या रेघांवर फ्रेटचे आकडे लिहिण्याच्या पद्धतीच्या, आकड्यांवर अवलंबून राहू नका. तार आणि फ्रेट त्यातून कळतात, स्वर किती टिकवायचा हे बहुधा कळत नाही. बास क्लेफमध्ये, म्हणजे खालच्या स्वरांच्या पाच रेघी स्वरलिपीत, मोकळ्या तारांपैकी ई पाच रेघांच्या खाली जादा रेघेवर, ए सर्वांत खालच्या घरात, डी मधल्या रेघेवर, जी सर्वांत वरच्या घरात. चार जागा, एका संध्याकाळचं काम. लिहिलेलं प्रत्यक्षात एक सप्तक खाली वाजतं, एवढं ध्यानात ठेवा.

चौतीस इंची (तारेची वाजणारी लांबी) बासवर पहिले चार फ्रेट मिळून सुमारे ७ इंच होतात. तिथे प्रत्येक फ्रेटला एक बोट ताणलं की मनगट दुखतं. व्हिएन्नातले डबल बासचे शिक्षक सिमांडल यांच्या पद्धतीत तिसरं आणि चौथं बोट एकत्र दाबतात, म्हणजे तीनच जागा सांभाळायच्या. पाचव्या फ्रेटच्या पुढे चारही बोटं वापरा.

पुण्यात पावसाळ्यात नेकचं, म्हणजे बासच्या लांब दांड्याचं, लाकूड दमट होतं आणि तारांची उंची बदलू शकते. हात अचानक दुखू लागला तर आधी तेच तपासा. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्यापाशी तार आणि फ्रेटमधली फट बघा: व्हिजिटिंग कार्डाइतकी, साधारण ०.३ मिलिमीटर, पुरे. ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक ठरवणारी आतली सळई, एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका.

मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा, मात्रा मोठ्याने मोजा, फोनवर रेकॉर्ड करा आणि हेडफोननेच ऐका. फोनच्या स्पीकरवर खालची ई नीट ऐकूच येत नाही. ६० ला जमलं की ८० कडे धावू नका, ५० वर या. तिथे रेस्ट लांबतो आणि उरलेली गुणगुण उघडी पडते.