प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, उत्तम अध्यापन कोणामुळे होतं, असा आजचा विषय आहे. प्राध्यापकांचं कौतुक इतर वक्ते करतीलच. मला लॅब असिस्टंट आणि लॅब अटेंडंट यांचे आभार मानायचे आहेत, आणि त्यांच्यासाठी तीन मागण्याही मांडायच्या आहेत. समोर बी.एस्सी. झालेले पुष्कळ दिसताहेत, त्यामुळे नॉर्मलिटी, म्हणजे द्रावणाच्या तीव्रतेचं माप, समजावत बसत नाही.

वीस मुलांची बॅच घ्या. मोहर सॉल्ट (लोहाचा एक क्षार) आणि परमँगनेटचं टायट्रेशन आहे, म्हणजे एक द्रावण थेंबाथेंबाने दुसऱ्यात सोडून तीव्रता काढायची. प्रत्येकी पाव लिटर धरलं तर दोन्ही द्रावणं पाच-पाच लिटर लागतात. 0.1 नॉर्मलसाठी परमँगनेट 15.8 ग्रॅम आणि मोहर सॉल्ट 196 ग्रॅम. पण नुसतं वजन करून भागत नाही. पाण्यातली सेंद्रिय घाण परमँगनेटचा काही भाग खाते, तपकिरी मँगनीज डायऑक्साइड तयार होतो आणि तो उरलेल्याचंही विघटन वाढवतो. म्हणून द्रावण आदल्या दिवशी उकळून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी काचलोकरीतून गाळायचं. फिल्टर पेपर चालत नाही, कारण परमँगनेट कागदाशीही अभिक्रिया करतं. मग तपकिरी बाटलीत भरून ऑक्झॅलिक आम्लासमोर नॉर्मलिटी तपासायची. मोहर सॉल्ट मात्र त्याच दिवशी करायचं, आणि तेही पाण्यात आधी विरळ सल्फ्युरिक आम्ल घालून. साध्या पाण्यात केलं की त्यातल्या फेरस लोहाचं हवेमुळे फेरिक होत जातं, द्रावण पिवळट, गढूळ होतं आणि ब्युरेटचं, म्हणजे खुणा केलेल्या तोटीच्या काचनळीचं, रीडिंग घसरतं.

आता माझी खरी तक्रार. पाच लिटरच्या बाटलीत आधी दाट द्रावण ओतून वर पाणी भरलं आणि नीट हलवलं नाही, तर जड थर तळाशीच राहतो. तोटी तळाला असते. पहिल्या मुलाला तीव्र द्रावण मिळतं, शेवटच्याला फिकं. दोघांचे हात उत्तम असले तरी रीडिंग जुळत नाहीत, आणि सर म्हणतात, "एंड पॉइंट चुकला," म्हणजे रंग बदलण्याचा नेमका क्षण हुकला. प्रत्येकाची तीन रीडिंग 0.1 मिलिलिटरच्या आत जुळली पाहिजेत, हे आपण फळ्यावर शिकवतो. सगळ्या बॅचचं उत्तर एक यावं म्हणून ती जड बाटली पुन्हा पुन्हा उलटीसुलटी कोणीतरी केलेली असते. संध्याकाळी ब्युरेटच्या आतले तपकिरी डाग कोमट ऑक्झॅलिक आम्लाने काढणारेही तेच. कॉस्टिक सोडा काचेच्या तोटीत रात्रभर राहिला तर तोटी घट्ट बसते, म्हणून त्या वेळीच धुणारेही तेच. त्यांचे आभार मानताना मला हे सगळं आठवतं.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मागण्या भराभर सांगतो. एक, वेळापत्रकात तयारीचे तास छापा. आज त्यात फक्त बॅचची वेळ असते, आदल्या दिवशीचं उकळणं-गाळणं कुठेच दिसत नाही. दोन, पद रिकामं झालं की "भागवून घ्या" म्हणू नका. शेजारच्या विभागातला माणूस ब्युरेट धुऊन देईल, पण द्रावणाची नॉर्मलिटी तपासायला सवयीचा हात लागतो. तीन, प्रयोगांची नवी यादी ठरवायच्या बैठकीला त्यांना बोलवा. स्टार्चचं द्रावण चार दिवसांत खराब होतं, एका दिवसात दोन बॅचना किती ब्युरेट पुरतात, हे त्यांना विचारा आणि मगच यादीवर सही करा.