समोरच्या दोन खुर्च्या

नमस्कार श्रोतेहो.

माझ्या तपासणीच्या खोलीत टेबलासमोर दोन खुर्च्या असतात. पहिल्या भेटीच्या दिवशी त्यांतली एक बऱ्याचदा रिकामी राहते. बाई एकटीच येते, फाइल छातीशी धरून बसते. "मिस्टर नाही आले?" असं विचारलं की म्हणते, "आधी माझं बघा ना डॉक्टर. माझ्यात काही नाही निघालं, तर त्यांना आणते." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आज तिथूनच सुरुवात करते.

मूल होत नाही म्हणून तपासायला येणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये पुरुषाच्या बाजूचंही काहीतरी कारण सापडतं. कधी तेवढंच, कधी बाईच्या कारणाच्या जोडीला. आणि सगळ्या तपासण्यांत सोपी कुठली म्हणाल, तर वीर्याची तपासणी. सुई नाही, भूल नाही, दुखणं नाही. तरीही बाईच्या रक्ताच्या चाचण्या होतात, गर्भाशयाच्या नळ्या तपासून होतात, पोटात दुर्बीण घालून बघून होतं, आणि नवऱ्याचा रिपोर्ट मात्र अजून काढलेलाच नसतो. यात त्या दोघांची वर्षं जातात, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून पहिल्या भेटीला दोघांनी या. एकट्या येणाऱ्या व्यक्तीलाही दार उघडंच आहे, पण जोडीदार असेल तर दुसरी खुर्ची त्याची आहे.

यायचं कधी? नियमित संबंध असूनही, कुठलंही गर्भनिरोधक न वापरता एक वर्ष गेलं असेल, तर या. बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिनेच थांबा, आणि चाळिशी ओलांडली असेल तर थांबूच नका. पाळी दोन-तीन महिने येतच नसेल, पाळीत असह्य दुखत असेल, आधी गर्भनलिकेत गर्भ राहिला असेल, कॅन्सरचे उपचार झाले असतील, पुरुषाच्या वृषणांचं लहानपणी ऑपरेशन झालं असेल, तर वर्षाचा हिशेब बाजूला ठेवून लवकर दाखवा. आणि यात आपण एकटेच आहोत असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं, की जगात साधारण सहा माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी या अडचणीतून जावं लागतं.

आता प्रत्यक्ष भेट. पहिल्या भेटीचा बराचसा वेळ बोलण्यात जातो. लोक येतात ते लगेच टेबलावर झोपवतील, इंजेक्शन देतील, आयव्हीएफची, म्हणजे शरीराबाहेर प्रयोगशाळेत गर्भ तयार करण्याच्या उपचाराची, तारीख सांगतील या धास्तीनं. प्रत्यक्षात डॉक्टर विचारतात ते असं: किती दिवसांपासून प्रयत्न चाललेत? पाळी किती दिवसांनी येते, किती दिवस राहते? आधी कधी दिवस गेले होते का, गर्भपात झाला होता का? कुठली औषधं चालू आहेत? सिगारेट, दारू? थायरॉइड, मधुमेह, कसली ऑपरेशनं? घरात कुणाची पाळी फार लवकर थांबली होती का?

मग संबंधांबद्दल विचारतात, आणि इथे खोलीतली हवा बदलते. कितीदा होतात, दुखतं का, पूर्ण होतात का. माझं कळकळीचं सांगणं आहे, इथे खरं बोला. लग्नाला काही वर्षं होऊनही संबंध नीट जमलेलेच नाहीत, अशी जोडपी आमच्याकडे येतात. कुणाला आत शिरतानाच कळ येते, कुणाला ताठरता टिकत नाही, तर कुणी कामासाठी महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी असतो. या सगळ्यावर उपाय आहेत, आणि ते आयव्हीएफपेक्षा खूप साधे असतात. पण कळलंच नाही, तर डॉक्टर भलतीकडेच शोधत बसतात. गर्भ राहण्याचे दिवस महिन्यात जेमतेम सहा: बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात, स्त्रीबीज मात्र एखादाच दिवस. त्या दिवसांत जोडपं एकत्रच नसेल, तर रिपोर्ट कितीही चांगले आले तरी काय उपयोग?

जोडीदारासमोर सांगता येणार नाही असं काही प्रत्येकाकडे असू शकतं. आधीचा गर्भपात, एखादा संसर्ग, जुनं नातं. डॉक्टरांना सरळ म्हणा, "मला पाच मिनिटं तुमच्याशी एकट्यानं बोलायचंय." असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, आणि ते गुपित राखणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे.

पुरुषांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती कुणी आपणहून सांगत नाही. व्यायामशाळेत शरीर कमवण्यासाठी घेतलेली स्टेरॉइडं, किंवा थकवा जावा म्हणून घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं. पुरुषी हार्मोन घेतल्यावर वीर्य सुधारेल असं वाटतं, होतं नेमकं उलटं. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदू वृषणांना काम करण्याचा निरोप देणंच थांबवतो, आणि शुक्राणू शून्यावरही येऊ शकतात. बंद केल्यावर बहुतेकांचे परत येतात, पण त्याला महिने लागतात. हे पहिल्याच भेटीत सांगितलंत तर पुढचा केवढा तरी त्रास वाचतो.

येताना जुने सगळे रिपोर्ट आणा, सोनोग्राफीच्या फिल्म आणि ऑपरेशनचे कागदसुद्धा. गेल्या पाच-सहा पाळ्यांच्या तारखा लिहून आणा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा, त्यांच्यामुळे थायरॉइडसारख्या काही रक्तचाचण्यांचे आकडे फसवे येऊ शकतात.

बोलणं झालं की तपासणी. वजन, उंची, रक्तदाब. बाईची बहुधा आतून सोनोग्राफी करतात. लघवी करून यायचं असतं, बारीक नळीसारखं उपकरण योनिमार्गातून आत घेतात, चार-पाच मिनिटं लागतात. दाब जाणवतो, फार दुखू नये. दुखलं तर थांबा म्हणा, डॉक्टर थांबतील. खोलीत बाईमाणूस असावं असा आग्रह धरा, आणि आज नकोच असं वाटलं तर तसंही सांगा. पाळी चालू आहे म्हणून भेट रद्द करू नका, फोन करून विचारा. पाळीचा दुसरा-तिसरा दिवस अंडाशयातले छोटे फॉलिकल, म्हणजे बीज असलेल्या बारीक पिशव्या, मोजायला उलट सोयीचा असतो.

नंतर तपासण्यांची चिठ्ठी मिळते. काही तपासण्यांचे दिवस ठरलेले असतात. एफएसएच, म्हणजे अंडाशयाला बीज वाढवायचा निरोप देणारं हार्मोन, पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. बीज सुटलं की नाही हे सांगणारं प्रोजेस्टेरॉन पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी. म्हणजे पाळी २८ दिवसांनी येत असेल तर एकविसाव्या दिवशी, आणि ३५ दिवसांनी येत असेल तर अठ्ठाविसाव्या. सरसकट सगळ्यांनीच एकविसाव्या दिवशी रक्त दिलं, की "बीजच सुटत नाही" असा चुकीचा शिक्का बसतो. नळ्यांचा एक्स-रे, म्हणजे एचएसजी, पाळी थांबल्यावर आणि बीज सुटण्याआधी करतात. त्यात पाळीसारख्या कळा येतात, म्हणून आधी वेदनाशामक गोळी घ्यायची का ते विचारून ठेवा.

एएमएच या हार्मोनच्या रक्तचाचणीबद्दल दोन शब्द. हा आकडा कमी आला की बायका रात्र रात्र रडतात. एएमएच साठ्यात बिजं किती उरलीत याचा अंदाज देतं. बिजांचा दर्जा ते सांगत नाही, आणि आपोआप दिवस राहतील की नाही हेही त्यावरून ठरवता येत नाही. महिन्याला एकच बीज लागतं. दर्जा मुख्यतः वयावर अवलंबून असतो, म्हणून डॉक्टर वयाचं बोलले तर तो टोमणा समजू नका. वेळ वाया जाऊ नये म्हणून ते बोलतात.

वीर्याच्या तपासणीआधी दोन ते सात दिवस वीर्यपात टाळायचा. नमुना घरी घेतला तर तासाभरात पोचवायचा, अंगाच्या उबेत ठेवून. एक रिपोर्ट खराब आला म्हणून खचू नका. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे दोन महिन्यांपूर्वीचा जोराचा ताप आजच्या रिपोर्टात दिसू शकतो. तपासणी पुन्हा करतात, मगच बोलतात.

पहिल्या भेटीत कारण हाती लागेल अशी आशा मात्र धरू नका. रिपोर्ट यायचे असतात. कधी तर सगळं झाल्यावरही कारण सापडत नाही, तरीसुद्धा उपचार करता येतात. कुणाला बीज तयार होण्याच्या गोळ्या पुरतात, कुणाचं थायरॉइड ताब्यात आलं की पुरतं, तर कुणाला खरंच आयव्हीएफ लागतं. त्याच दिवशी पैसे भरून एखादं पॅकेज घ्या असा आग्रह कुणी करत असेल, तर घरी जा, विचार करा, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

यशाचा टक्का कुणी सांगितला, तर विचारा: हा टक्का चाचणी पॉझिटिव्ह येण्याचा, की जिवंत बाळ हाती येण्याचा? आणि माझ्या वयाच्या बायकांचा किती? चाचणी पॉझिटिव्ह येणं आणि बाळ हाती येणं, या दोन आकड्यांत पुष्कळ अंतर असतं. प्रत्येक तपासणीबद्दलही विचारा, की हिचा निकाल काहीही आला तरी उपचार तेच राहणार असतील, तर ती करायची कशासाठी? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

आणि बाईंनी फॉलिक अ‍ॅसिड अजून सुरू केलं नसेल, तर रोजचे ४०० मायक्रोग्रॅम किंवा तुमच्या तब्येतीला लागेल तेवढं, भेटीची वाट न पाहता विचारून सुरू करा.

"दोष कुणाचा?" हा प्रश्न तेवढा माझ्या टेबलावर आणू नका. त्याचं उत्तर मिळालेली जोडपी मी पाहिली आहेत. बाहेर पडताना ती एकमेकांकडे बघत नाहीत. कारण शोधणं हे माझं काम आहे, आणि कारण कुणाच्याही शरीरात सापडलं तरी उपचार दोघांचे मिळून चालतात.

उठण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: कुठली तपासणी पाळीच्या कितव्या दिवशी, पुढची भेट कधी, आणि मध्येच काही विचारायचं झालं तर फोन कुणाला करायचा. लिहायला दुसऱ्या खुर्चीतल्या माणसाला सांगा. नमस्कार.