राणी पुढे सरकते: जकार्ता, १९६२

[टेबलावर हिरवं कापड. त्यावर कॅरमच्या सोंगट्या.]

नऊ पांढऱ्या, एक लाल राणी आणि गोलात उभा स्ट्रायकर. अकरा झाले. ४ सप्टेंबर १९६२, जकार्ता. एशियाडमधल्या फुटबॉलच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियासमोर भारत साधारण असा उभा होता.

स्ट्रायकर म्हणजे गोलरक्षक पीटर थंगराज, सहा फुटांहून उंच. उपांत्य सामन्यात गोलात प्रद्योत बर्मन होता. कोरियाचे उंच चेंडू हवेतच पकडायला हवेत, म्हणून प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी या सामन्यासाठी थंगराजला आणलं.

त्याच्यापुढे तिघे: चंद्रशेखर, अरुण घोष, त्रिलोक सिंग. मध्ये दोघे. पुढे पाच.

[बोट राणीवर.]

आता हिच्याकडे बघा. हा जरनैल सिंग. याची जागा इथे, अगदी मागे. भारताचा सगळ्यात दणकट बचावपटू. याच स्पर्धेत थायलंडविरुद्ध त्याचं डोकं फुटलं, टाके पडले. जपानविरुद्ध तो खेळूच शकला नाही. उपांत्य फेरीत रहीमसाहेबांनी त्याला परत घेतलं, पण मागे ठेवलं नाही.

[राणी मैदानभर सरकत पुढच्या रांगेत जाते.]

थेट सेंटर फॉरवर्ड, म्हणजे आघाडीच्या रांगेत मधोमध! दक्षिण व्हिएतनामविरुद्ध आपण ३-२ जिंकलो, त्यात एक गोल जरनैलचा होता.

मला यात मोठी समज दिसते. बचावपटूला गोलासमोर येणारा प्रत्येक उंच चेंडू डोक्यानं परतवावाच लागतो, तिथे निवड नसते. पुढे खेळणाऱ्याला ती असते. शिवाय एवढा धिप्पाड गडी मधोमध उभा राहिला की समोरच्या बचावपटूला त्याला सोडून हलता येत नाही. मग बाजू मोकळ्या होतात, आणि आपल्या बाजूंना कोण होतं? उजवीकडे पी. के. बॅनर्जी, डावीकडे बलराम.

[वरून दृश्य. बोट सोंगट्यांवरून रेघ ओढतं.]

पुढचे पाच जोडले की इंग्रजी ‘डब्ल्यू’ होतो. त्याची खालची दोन टोकं म्हणजे युसुफ खान आणि कर्णधार चुनी गोस्वामी. मागचे पाच जोडले की ‘एम’. त्याची वरची दोन टोकं म्हणजे प्रशांत सिन्हा आणि फॉर्च्युनाटो फ्रँको. आता ही चार टोकं एकमेकांना जोडा. मैदानाच्या मधोमध चौकोन तयार होतो. संघाचा श्वास या चौकोनात असतो. चुनी चेंडू घेऊन वर गेला की मागची जागा सिन्हा-फ्रँकोनं भरायची. चेंडू गेला की आधी धावायचं तेही यांनीच. या दोघांपैकी एक जरी दमला, तर मागच्या तिघांवर सगळा भार येतो.

फ्रँको मूळचा गोव्याचा, वाढला मुंबईत, खेळायचा टाटा स्पोर्ट्स क्लबकडून. गोवा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम नऊ महिने झाले होते. गोल करणाऱ्यांची नावं सगळ्यांना पाठ असतात. हे नावही तितकंच पाठ असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

याच कोरियानं पहिल्या सामन्यात आपल्याला २-० हरवलं होतं. त्यात स्टेडियम खच्चून भरलेलं आणि प्रेक्षक भारताच्या विरोधात. यजमान इंडोनेशियानं एशियाडमधून इस्रायल आणि तैवानला वगळल्यावर भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी जाहीर हरकत घेतली होती. त्याचा राग खेळाडूंवर निघत होता.

[शांतता. मग गर्दीचा आवाज.]

१७ वं मिनिट, पी. के. बॅनर्जी. गोल!

२० वं मिनिट, आणि चेंडू राणीकडे. जरनैल. दुसरा गोल!

उरलेली सत्तर मिनिटं तो चौकोन मोडला नाही. पाचेक मिनिटं राहिली असताना कोरियानं एक गोल फेडला, पण तेवढाच. २-१. सुवर्णपदक.

दहा वर्षांपूर्वी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियानं भारताला १०-१ असं धुतलं होतं. तेव्हाही प्रशिक्षक रहीमच होते. हैदराबादचे हे शाळामास्तर तिथून इथवर संघ घेऊन आले होते. जकार्तात ते आजारी होते, कर्करोगानं पोखरलेले. जून १९६३ मध्ये ते गेले.

फ्रँको मे २०२१ मध्ये गोव्यात वारला.

[सोंगट्या एकेक करून डब्यात जातात. कापडावर मधल्या दोन पांढऱ्या राहतात.]