स्कोअरबुकातलं कोरं पान

अध्यक्षमहाराज आणि सांगलीकर मंडळी,

पत्रिकेवर माझ्या नावापुढे 'क्रीडा अभ्यासक' असं छापलंय. ते मनावर घेऊ नका. मी स्कोअरर. पस्तीस वर्षं मांडवात, झाडाखाली आणि एकदा तर बंद पडलेल्या रोलरवर बसून मी दुसऱ्यांनी काढलेल्या धावा मोजल्या. स्वतः कॉलेजात खेळलो दोन सामने, धावा काढल्या चार. त्यातल्या दोन लेगबाय होत्या, म्हणजे फलंदाजाच्या खात्यात न धरायच्या, पण अंपायर आमच्या वर्गातला होता.

विषय दिलाय, 'विभागीय संघटना क्रिकेट कसं घडवते'. त्याआधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. आपलं राज्य एक, रणजी संघ तीन. विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांचं नागपूर. मुंबईकडे मुंबईचे दोन जिल्हे, ठाणे आणि पालघर. उरलेले एकवीस जिल्हे 'महाराष्ट्र' या नावाखाली पुण्याला. म्हणजे उरणचा मुलगा धक्क्यावर उभा राहिला की समोर मुंबई दिसते, पण निवड चाचणीला तो घाट चढून पुण्याला जाणार. सावंतवाडीचाही पुण्याला आणि नंदुरबारचाही पुण्यालाच. श्रीरामपूरचा झहीर खान तर या तिन्हींतल्या कुणाकडूनच रणजीत उतरला नाही. तो बडोद्याकडून उतरला, मुंबईचा पुढे झाला. ही सरहद्द राज्य पुनर्रचनेच्या आधीची आहे. मुंबईची संघटना १९३० ची, राज्य झालं १९६० मध्ये. राज्य बदललं, क्रिकेटचा सातबारा मात्र तसाच राहिला.

आणि गंमत बघा. मुंबईत तिकिटांच्या वाटणीवरून ब्रेबर्न स्टेडियमवाल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाशी भांडण झालं, संघटनेने हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियम उभं केलं, १९७५ च्या जानेवारीत तिथे वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी झाली. त्या स्टेडियमला नाव कुणाचं? शेषराव वानखेड्यांचं. ते नागपूरकडचे! २०२४ च्या मार्चमध्ये रणजीच्या अंतिम सामन्यात मुंबईने विदर्भाला हरवून बेचाळिसावं विजेतेपद घेतलं, तेही वानखेडेवर. नागपूरकराच्या नावाच्या मैदानात नागपूरचा संघ हरला. याला म्हणतात पाहुणचार.

आता आपल्या घरातली गोष्ट. भाऊसाहेब निंबाळकर. इथे कोल्हापूरचं कुणी असेल तर त्यांनी कान झाकावेत, कारण त्यांनी ती माझ्यापेक्षा चांगली ऐकलेली असणार. डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाड २३८ मध्ये आटोपलं. मग भाऊसाहेब आले. कमल भांडारकरांबरोबर ४५५ धावांची भागी केली, भांडारकर गेले, हे खेळतच राहिले. ४९४ मिनिटं, ४९ चौकार, एक षटकार. महाराष्ट्र चार बाद ८२६. विश्रांतीला खेळ थांबला तेव्हा भाऊसाहेब नाबाद ४४३. ब्रॅडमनचा विश्वविक्रम नाबाद ४५२. अंतर किती? नऊ बरोबरी साधायला, दहा पुढे जायला. दोन षटकांचं काम.

आणि काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, म्हणाले, डाव घोषित करा, नाहीतर आम्ही चाललो. डाव काही घोषित झाला नाही आणि ते खरंच गेले. सामना सोडून दिला. एका माणसाच्या दहा धावा आणि एका संस्थानाची अब्रू यांचं वजन झालं, आणि पारडं कुठे झुकलं ते तुम्हाला माहीत आहे. प्रथम श्रेणीच्या सामन्यात भारतीयाने केलेली ती आजही सर्वांत मोठी खेळी आहे. भाऊसाहेबांना कसोटी एकही मिळाली नाही. २०१२ मध्ये ते गेले.

माझा धंदा स्कोअररचा, म्हणून मला या गोष्टीत नेहमी त्या दिवशी पुण्यात पेन्सिल धरून बसलेला माणूस दिसतो. त्याने पुढच्या षटकासाठी चौकट आखून ठेवली असेल. ती तशीच राहिली. लोक ही गोष्ट सांगून ठाकोरसाहेबांना नावं ठेवतात. ठेवा. पण एक लक्षात घ्या, तेव्हा रणजी स्पर्धा बाद पद्धतीची होती. हरला तो घरी. आठशेच्या वर धावा चढल्यावर काठियावाडची स्पर्धा संपलेलीच होती, पुढचा सामना नव्हता की गुणांचा हिशेब नव्हता. मग उन्हात उभं राहायचं कशाला? गुणतक्ता असता तर ठाकोरसाहेबांचीही गाडी थोडी उशिराची निघाली असती, असं मला वाटतं. हा माझा तर्क, पुरावा मागू नका.

विभागीय गट पाडून साखळी सामने सुरू झाले १९५७-५८ ला. आणि त्याच मोसमात रणजीत नवा संघ आला, विदर्भ. हा योगायोग डोक्यात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय. वेळ मिळाला तर.

आता माझं स्वतःचं गाऱ्हाणं. आमच्या सौभाग्यवती पहिल्या रांगेत आहेत, त्यांनी हे इतक्यांदा ऐकलंय की त्या आता पर्सचा बंद उघडतील. बघा, उघडला.

वयोगटाची आंतरजिल्हा स्पर्धा. जिल्ह्यांची नावं सांगत नाही, पदाधिकाऱ्यांची तर नाहीच. आमची पोरं पहाटे साडेतीनला एसटीने निघाली. चौदा-पंधरा वर्षांची. दोघांकडे स्वतःची बॅट, बाकी किट सामाईक, म्हणजे सलामीवीर बाद झाला की पॅड काढत काढतच तंबूत यायचा. एक पोरगा होता, सहाव्या क्रमांकाचा. टेनिस बॉलवर गावात राजा, पण सीझन बॉलवर, म्हणजे चामड्याच्या कठीण चेंडूवर, त्याचा हा पहिलाच जिल्ह्याचा सामना. रात्रभर त्याने नवीन ग्लोव्हज हातात घालून झोप काढली होती, हे मला त्याच्या शेजारी झोपलेल्याने सांगितलं.

मैदानावर पोचलो आणि पाऊस. मी स्कोअरबुक काढलं, दोन्ही बाजूंची अकरा-अकरा नावं लिहिली, तारीख टाकली, अंपायरांची नावं टाकली. दुपारी पाऊस थांबला. खेळपट्टी मॅटिंगची, खालची माती दाबली की पाणी वर. साडेतीनला स्पर्धाप्रमुख छत्री घेऊन आले आणि म्हणाले, राखीव दिवस नाही, उद्या मैदान दुसऱ्या सामन्याला दिलंय, नाणं उडवा. कर्णधारांना बोलावलं. नाणं उडालं. आमचा कर्णधार 'हेड' म्हणाला.

एकही चेंडू न खेळता अकराच्या अकरा जण बाद! माझ्या उभ्या आयुष्यातला सर्वांत वेगवान डाव. परत येताना एसटीत कुणी बोललं नाही. त्या सहाव्या क्रमांकाच्या पोराने ग्लोव्हज दप्तरात घातले. पुढच्या वर्षी तो वयाने त्या गटाबाहेर गेला. माझ्याकडे त्या सामन्याचं पान अजून आहे. नावं आहेत, खाली काही नाही.

स्पर्धाप्रमुख वाईट नव्हते. त्यांनी पोरांना स्वतःच्या खिशातून वडापाव दिले. नियम तसा होता, पैसे तेवढे होते, मैदान एकच होतं. हेच तर सांगायचंय.

आता आकडेमोड. घाबरू नका, चौथीची आहे. सोळा संघांची बाद स्पर्धा घेतली तर सामने होतात पंधरा. त्यात आठ संघ एकेक सामना खेळून घरी. आणखी चार संघ दोन खेळून. म्हणजे तीन चतुर्थांश मुलांचा अख्ख्या वर्षाचा हिशेब दोन सामन्यांत मिटतो. तेच सोळा संघ चार-चारांच्या गटांत खेळवा. गटात सहा सामने, चार गटांचे चोवीस, वर उपांत्य आणि अंतिम मिळून तीन. सत्तावीस. बारा सामने वाढले, पण एकही पोरगा तीन सामन्यांच्या आत परत जात नाही. नाणं एकदा उलटं पडलं तरी दोन सामने हातात राहतात. निवड समितीलाही एका दिवशीच्या शून्यावर कुणाला मोडीत काढता येत नाही. म्हणजे काढता येतं, पण लाज वाटते.

मुंबई पुढे का, याची उत्तरं लोक 'खडूसपणा'त शोधतात. मी कांगा लीगमध्ये शोधतो. योगायोगाने तीही १९४८ चीच, भाऊसाहेबांच्या ४४३ च्या वर्षातली. ऐन पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर, चेंडू कुठे उडेल याचा भरवसा नाही, गवत घोट्यापर्यंत. पण ती लीग आहे आणि तिच्यात खालपासून वरपर्यंत श्रेणी आहेत. खालच्या श्रेणीतलं पोरगंसुद्धा हरल्यावर पुढच्या रविवारी पुन्हा खेळतं. आणि पाऊस पडला म्हणून नाणं उडवलं असतं तर कांगा लीग आजवर नाण्यावरच चालली असती.

तुम्ही म्हणाल, मुंबईतल्या शाळांची हॅरिस शिल्ड तर बाद पद्धतीची आणि तिथेच १९८८ मध्ये सचिन-कांबळींनी ६६४ ची नाबाद भागी केली. कबूल. पण ही पोरं शाळेचा सामना हरली असती तरी त्यांच्यापुढे क्लबाचे सामने होते, मैदानावर रोज कुणीतरी खेळत होतं. बाद पद्धत श्रीमंताला परवडते. ज्याच्याकडे दुसरा सामना आहे, त्याने पहिला हरायला हरकत नाही.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' अध्यक्षांचं अक्षर सुंदर आहे. आणि विषय, तो छापलेला, अजून सुरू व्हायचाय. तर पळतो.

संघटनेची शिडी अशी. क्लब आणि शाळा, त्यावर जिल्हा, त्यावर विभागाची संघटना, त्यावर भारतीय नियामक मंडळ. पैसा वरून खाली येतो, खेळाडू खालून वर जातो, आणि मंडळातलं मत मधल्या पायरीवर, विभागाच्या संघटनेकडे असतं. मतावरून केवढं रामायण झालं! मंडळाच्या कारभारात सुधारणा सुचवायला नेमलेल्या लोढा समितीने 'एक राज्य, एक मत' सुचवलं, २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, आणि एवढी विजेतेपदं असलेल्या मुंबईला कायमचं मत राहिलं नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयानेच आपले तिन्ही आणि गुजरातचे तिन्ही संघ पूर्ण सदस्य म्हणून परत घेतले. तिघांचं मत वाचलं. सहाव्या क्रमांकाच्या पोराचं मत कुठेच नव्हतं, ते तसंच राहिलं.

पैशाचं सांगतो. चाळीसपेक्षा जास्त सामने खेळलेल्या रणजी खेळाडूला २०२१ पासून दिवसाला साठ हजार रुपये मानधन, नव्याला चाळीस हजार. चांगलं झालं, त्यांच्या हक्काचं आहे. पुण्याजवळ गहुंजेचं स्टेडियम झालं, नागपूरजवळ जामठ्याचं झालं, तेही हवंच होतं. माझं म्हणणं एवढंच, की संघटनेचं काम मोजायचं असेल तर खुर्च्या मोजू नका, चौदा वर्षांच्या मुलाचे वर्षातले सामने मोजा. अहवालात हा आकडा छापा. स्कोअरबुकं आमच्याकडे आहेत, बेरीज मी फुकट करून देतो.

विदर्भाकडे परत यायचं कबूल केलं होतं. १९५७-५८ ला आले, साठ वर्षं कुणी विचारलं नाही. २०१७-१८ ला फैज फझलच्या संघाने इंदूरला दिल्लीला हरवून पहिलं विजेतेपद घेतलं, पुढच्या वर्षी दुसरं, २०२४-२५ ला तिसरं. श्रेय प्रशिक्षक चंद्रकांत पंडितांना देतात, वसीम जाफरला देतात, बरोबरच आहे. पण त्याच्या कितीतरी आधी नागपुरात निवासी अकादमी सुरू झाली होती. आणि उमेश यादव बघा. खाणकामगाराचा मुलगा, विशीच्या आसपास सीझन बॉल हातात घेतला, आणि कुणीतरी त्याला लगेच सामना दिला. सामना दिला म्हणून तो दिसला.

मुलींचं क्रिकेट राहिलं. ते दोन वाक्यांत उरकणं पाप आहे, पण करतो. भारतीय महिला क्रिकेट संघटना १९७३ मध्ये स्थापन झाली आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली, म्हणजे सुरुवात आपल्याकडची. स्मृती मानधना तुमच्या माधवनगरची, पण तिच्या वयाच्या किती मुलींना त्या काळी आपल्या जिल्ह्यात वर्षाला पाच सामने मिळत होते, हे तिच्या वडिलांना विचारा.

अंपायरांच्या परीक्षा, वयाच्या दाखल्यांचे घोळ, हाडांची तपासणी, हे सगळं लिहून आणलं होतं. राहू द्या. दुसरी चिठ्ठी आली आहे आणि हिच्यावर अक्षर तितकंसं सुंदर नाही.

एक मात्र सांगून खाली बसतो, कारण दर वेळी कुणीतरी विचारतंच. त्या दिवशी नाणेफेक जिंकलेला संघ पुढच्या फेरीत गेला. तिथेही पाऊस पडला. तिथे त्यांच्या कर्णधारानेही 'हेड'च म्हटलं.